लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर का चालत नाही? यूआरएलमधल्या एका स्लॅशची गोष्ट

रात्री साडेदहाला सावेडीतल्या एका मित्राचा फोन आला. "अगं, लिंक ओपन होतीये का बघ ना तुझ्याकडं."

विषय असा होता. पाइपलाइन रोडच्या बाजूला एक अभ्यासिका आहे. एमपीएससी करणारी पोरं तिथं महिन्याच्या बोलीवर खुर्ची घेतात. खुर्च्या कमी, पोरं जास्त, त्यामुळे दर महिन्याला भांडणं. मित्र जावा शिकलेला, त्यानं बुकिंगची छोटी वेबसाइट बनवून दिली. नाव भरा, ईमेल येईल, ईमेलमधल्या लिंकवर 24 तासांत क्लिक करा, खुर्ची तुमची. क्लिक केलं नाही तर खुर्ची पुढच्या नंबरला. त्याच्या लॅपटॉपवर सगळं झकास चालत होतं. साइट सर्व्हरवर चढवली आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडला. लोगो दिसत नाही, पान पांढरंफटक आहे, बटन दाबलं की 404 येतं. सगळ्यात वाईट म्हणजे ईमेलमधली लिंक कुणाचीच उघडत नव्हती. आणि 24 तासांचं घड्याळ तर सुरू झालेलं.

मी कोडिंग करत नाही. मास कॉम केलंय, बातम्या लिहिते. पण त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून जे शोधलं ते इतकं साधं निघालं की, लिंक शेअर करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं असं वाटलं.

(एक सूचना. वाचायला सोपं जावं म्हणून खाली वेबसाइटचे पत्ते आणि जावामधली नावं देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती इंग्रजीतच लिहायची.)

पत्ता सांगायच्या दोन पद्धती

प्रेमदान चौकात उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही सांगता, "पुढं जा, डावीकडं वळा, मेडिकलच्या शेजारी." त्याला कळतं. तेच वाक्य माळीवाडा स्टँडवर उतरलेल्या माणसाला फोनवर सांगितलं तर तो पुढं जाईल, डावीकडं वळेल, कदाचित एखादं मेडिकलही सापडेल, पण तुमचं घर सापडणार नाही. सांगणारा खोटं बोललेला नसतो. ऐकणारा दुसरीकडे उभा असतो, एवढंच.

हा झाला रिलेटिव्ह पत्ता. दुसरी पद्धत पाकिटावर लिहायची. घर नंबर, रस्ता, सावेडी, अहिल्यानगर, पिन 414003. हे पाकीट पुण्यातून टाका नाहीतर दुबईतून, ते त्याच दारात येणार. हा अ‍ॅब्सोल्यूट पत्ता.

वेबवर याचेच तीन प्रकार रोज दिसतात. पहिला पूर्ण पत्ता: ‘एचटीटीपीएस://उदाहरण.भारत/अभ्यासिका/चित्रे/लोगो.पीएनजी’. दुसरा स्लॅशनं सुरू होणारा: ‘/अभ्यासिका/चित्रे/लोगो.पीएनजी’. याचा अर्थ, साइट हीच, पण मोजायचं वेशीपासून. तिसरा साधा: ‘चित्रे/लोगो.पीएनजी’, म्हणजे मी आत्ता जिथं उभा आहे तिथून. दोन टिंबं आणि स्लॅश लिहिलं तर एक पायरी मागं जाऊन मोजायचं.

वेबच्या पत्त्यांचा नियम टिम बर्नर्स-ली आणि सहकाऱ्यांनी डिसेंबर 1994 मध्ये कागदावर आणला. रिलेटिव्ह पत्त्यांचा वेगळा नियम रॉय फील्डिंग यांनी जून 1995 मध्ये लिहिला. म्हणजे हा घोळ जवळपास वेबइतकाच जुना आहे.

उभं कोण आहे आणि कुठं?

मित्राचा सगळ्यात मोठा गैरसमज इथं होता, आणि नव्यानं शिकणाऱ्या बहुतेकांचा तोच असतो. त्याला वाटायचं की पानाची फाइल ज्या फोल्डरमध्ये ठेवली आहे, तिथून रिलेटिव्ह पत्ता मोजला जातो. तसं होत नाही. तो पत्ता सर्व्हर मोजतच नाही, तुमचा ब्राउझर मोजतो. ब्राउझरला तुमचे फोल्डर दिसत नाहीत. त्याला फक्त वरच्या पट्टीतला पत्ता दिसतो.

त्याची रीत सरळ आहे. पट्टीतल्या पत्त्यात शेवटचा स्लॅश शोधायचा, त्याच्या पुढचं सगळं पुसायचं आणि तिथं रिलेटिव्ह पत्ता चिकटवायचा.

आता ही गंमत बघा. पट्टीत ‘/अभ्यासिका/बुकिंग’ आहे आणि पानात ‘चित्रे/लोगो.पीएनजी’ लिहिलंय. ब्राउझर ‘बुकिंग’ पुसतो आणि ‘/अभ्यासिका/चित्रे/लोगो.पीएनजी’ मागतो. लोगो आला. पण कुणी ‘/अभ्यासिका/बुकिंग/’ असं, शेवटी स्लॅश देऊन, उघडलं तर? शेवटचा स्लॅश ‘बुकिंग’च्या नंतर आहे, पुसायला काहीच नाही. ब्राउझर ‘/अभ्यासिका/बुकिंग/चित्रे/लोगो.पीएनजी’ मागतो. असा फोल्डरच नाही, म्हणून 404. पान तेच, कोड तोच. ग्रुपमधल्या निम्म्या पोरांना लोगो दिसत होता आणि निम्म्यांना नाही, त्याचं कारण हा शेपटीचा स्लॅश होता.

जावामध्ये फॉरवर्ड नावाचा प्रकार आहे, तो यात भर घालतो. समजा फॉर्म ‘/अभ्यासिका/खुर्ची/राखीव’ या पत्त्यावर गेला. तिथल्या सर्व्हलेटनं काम केलं आणि आतल्या आत ‘धन्यवाद.जेएसपी’ हे पान पुढं केलं. फाइल बदलली, पण ब्राउझरला हे कुणी सांगितलेलंच नाही. त्याच्या पट्टीत अजून ‘खुर्ची/राखीव’च आहे आणि तो सगळे रिलेटिव्ह पत्ते तिथूनच मोजतो. पान येतं पण रंग, चित्रं, बटनं गायब, असं दिसलं तर आधी फॉरवर्डवर संशय घ्यायचा. रिडायरेक्टचं तसं नसतं. त्यात सर्व्हर ब्राउझरला नवा पत्ता देतो, ब्राउझर स्वतः तिकडे जातो आणि पट्टीही बदलते.

एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. सीएसएसच्या फाइलमध्ये लिहिलेला रिलेटिव्ह पत्ता पानावरून नाही, त्या सीएसएस फाइलच्या पत्त्यावरून मोजला जातो. त्यामुळे सीएसएसमधली पार्श्वभूमीची चित्रं रिलेटिव्ह पत्त्यानं बिनधास्त द्यावीत. जावास्क्रिप्टनं मागवलेली माहिती मात्र पुन्हा पानाच्याच पत्त्यावरून मोजली जाते.

एकच स्लॅश, दोन वेशी

मग सगळीकडे स्लॅशनं सुरू करावं, म्हणजे प्रश्न मिटला? मित्रानं हेच केलं होतं, आणि जावाचा खरा त्रास इथूनच सुरू होतो.

टॉमकॅट हा जावाचे वेब अ‍ॅप चालवणारा सर्व्हर. एकाच टॉमकॅटवर दहा अ‍ॅप सुखानं राहतात. त्यांची गल्लत होऊ नये म्हणून प्रत्येकाला एक आडनाव मिळतं, त्याला कॉन्टेक्स्ट पाथ म्हणतात. तुम्ही ‘अभ्यासिका.वॉर’ नावाची फाइल टाकली की अ‍ॅपचा पत्ता ‘/अभ्यासिका’ने सुरू होतो. फाइलचं नाव ‘रूट.वॉर’ ठेवलं, तेही इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, तर आडनावच राहत नाही आणि अ‍ॅप थेट वेशीवर बसतं.

आता पानात ‘/चित्रे/लोगो.पीएनजी’ लिहिलंय. ब्राउझरला आडनावाची कल्पनाच नाही. तो वेशीपासून मोजतो, ‘उदाहरण.भारत/चित्रे/लोगो.पीएनजी’ मागतो, आणि आडनाव असलेल्या अ‍ॅपमध्ये हे फसतं. स्प्रिंग बूट वापरणाऱ्यांना हा धक्का हमखास बसतो. त्यात टॉमकॅट आतच असतो आणि सुरुवातीला आडनाव नसतं, म्हणून लॅपटॉपवर महिनाभर सगळं सुरळीत चालतं. मग कुणीतरी तेच अ‍ॅप वॉर फाइल करून दुसऱ्या टॉमकॅटवर टाकतं, त्याला आडनाव चिकटतं आणि साइट पांढरी पडते.

त्याहून वाईट म्हणजे, जावाच्या आतच या स्लॅशचे दोन अर्थ आहेत. फॉरवर्ड करताना ‘रिक्वेस्ट डिस्पॅचर’ला दिलेला स्लॅश अ‍ॅपच्या वेशीपासून मोजला जातो, आडनाव त्यात आपोआप धरलेलं असतं. पण ‘सेन्ड रिडायरेक्ट’ला तोच स्लॅश दिला तर तो सर्व्हरच्या वेशीपासून मोजला जातो, आडनाव धरलं जात नाही. दोन ओळी एकाखाली एक, दोन्हींत ‘/यादी’ लिहिलेलं. एक बरोबर पोहोचते, दुसरी 404 देते. गावची वेस आणि वाड्याची वेस यांना एकच चिन्ह दिलंय. मला विचाराल तर ज्यानं हे ठरवलं त्याला दोन दिवस रिक्षा चालवायला द्यावी.

उपाय जुना आणि पक्का आहे. आडनाव स्वतःच्या हातानं कधी लिहायचं नाही, जावालाच विचारायचं. ‘गेट कॉन्टेक्स्ट पाथ’ ही सोय त्यासाठीच आहे. आडनाव असेल तर ती ‘/अभ्यासिका’ देते, नसेल तर रिकामी जागा. तिच्यापुढे ‘/चित्रे/लोगो.पीएनजी’ जोडलं की दोन्हीकडे चालतं. जेएसपीमध्ये ‘सी यूआरएल’ हा टॅग स्लॅशनं सुरू होणाऱ्या पत्त्याला आडनाव स्वतःच लावतो. थायमलीफमध्ये ‘अ‍ॅट’च्या चिन्हानंतर महिरपी कंसात लिहिलेला पत्ता हेच करतो. स्प्रिंगचं ‘रिडायरेक्ट’ही आडनाव धरूनच चालतं.

काही जण पानाच्या डोक्यात ‘बेस’ टॅग टाकून मोकळे होतात. एका ओळीत सगळे रिलेटिव्ह पत्ते सुधारतात, हे खरं. पण मग पानातल्या पानात खाली नेणाऱ्या ‘हॅश’च्या लिंकही त्या बेसवरून मोजल्या जातात आणि वाचणाऱ्याला भलत्याच पानावर नेऊन टाकतात. मला हा उपाय आवडत नाही.

अजून एक चोर असतो, तो पत्त्याचा नाहीच. विंडोज लहान आणि कॅपिटल अक्षरांत फरक करत नाही, लिनक्स करतं. फाइलच्या नावात पहिलं अक्षर कॅपिटल आणि कोडमध्ये लहान असेल तर लॅपटॉपवर चित्र दिसतं, सर्व्हरवर नाही.

यातलं आपल्याकडे नेमकं काय झालंय हे ओळखायला कोड उघडायची गरज नसते. संगणकावरच्या क्रोममध्ये एफ 12 दाबा, ‘नेटवर्क’वर जा, पान पुन्हा लोड करा आणि लाल झालेल्या ओळीवर क्लिक करा. ब्राउझरनं नेमका कोणता पत्ता मागितला तो पूर्ण दिसतो. आडनाव गळालंय, दोनदा लागलंय की मध्येच एक शब्द वाढलाय, हे डोळ्यांनीच कळतं. आम्ही पाऊण तास कोड वाचत बसलो आणि नंतर हे केलं. उलटं करायला हवं होतं.

ईमेलमधली लिंक लोकलहोस्टला का गेली?

आता खरं दुखणं. ईमेलमध्ये रिलेटिव्ह पत्ता चालत नाही. ईमेल उघडणारा कुठल्याच साइटवर उभा नसतो, मग मोजणार कुठून? तिथं पूर्ण पत्ताच लागतो. तो बनवायला मित्रानं ‘गेट रिक्वेस्ट यूआरएल’ वापरलं होतं, म्हणजे आलेल्या विनंतीवर जो पत्ता असेल तोच घ्यायचा. लॅपटॉपवर ठीक होतं. सर्व्हरवर मात्र पुढं एनजिनएक्स नावाचा द्वारपाल बसलेला. बाहेरची विनंती तो घेतो आणि आतल्या टॉमकॅटकडे देतो. वेगळं सांगितलं नसेल तर देताना तो साइटचं बाहेरचं नाव काढून आतलं नाव लावतो. त्यामुळे टॉमकॅटला प्रत्येक विनंती ‘लोकलहोस्ट:8080’ या नावानं आली, आणि ईमेलमध्ये तेच नाव छापलं गेलं.

लोकलहोस्ट म्हणजे ‘आपलं घर’. प्रत्येक मोबाइल, प्रत्येक लॅपटॉप स्वतःलाच लोकलहोस्ट म्हणतो, आकड्यात 127.0.0.1. लग्नपत्रिकेवर स्थळ म्हणून ‘आपलं घर’ छापलं तर पाहुणे कुठं जातील? आपापल्या घरीच बसतील. पोरांचे मोबाइल लिंक उघडताना स्वतःच्याच पोटात ती साइट शोधत होते.

याला दोन दुरुस्त्या लागतात. द्वारपालाला सांगायचं की ‘होस्ट’ हे नाव आणि बाहेर एचटीटीपी होतं की एचटीटीपीएस, ही दोन्ही माहिती आत पोचव. आणि टॉमकॅटला सांगायचं की ती माहिती खरी धर. टॉमकॅटमध्ये त्यासाठी ‘रिमोट आयपी व्हॉल्व्ह’ आहे, स्प्रिंग बूटमध्ये ‘फॉरवर्ड हेडर्स’ची सेटिंग. ही दुसरी दुरुस्ती राहिली तर वेगळा तमाशा होतो. बाहेर कुलूप लावलेलं एचटीटीपीएस, आत साधं एचटीटीपी. जावाला वाटतं की साइट एचटीटीपीच आहे, आणि ते तसेच पूर्ण पत्ते तयार करतं. सुरक्षित पानावर असुरक्षित स्क्रिप्ट आली की ब्राउझर ती अडवतो. कधी लॉगिननंतर पान स्वतःभोवतीच फिरत राहतं.

रिडायरेक्टमध्ये पूर्ण पत्ता देणं एकेकाळी सक्तीचंच होतं. एचटीटीपीचा 1999 चा नियम तसं सांगायचा. जून 2014 च्या सुधारित नियमानं तिथं रिलेटिव्ह पत्त्याला परवानगी दिली. जुन्या पुस्तकांत आणि जुन्या कोडमध्ये प्रत्येक रिडायरेक्टला पूर्ण पत्ता जोडलेला दिसतो तो यामुळे.

पण ईमेलसाठी मी तिसरी गोष्ट सांगेन, आणि ती महत्त्वाची आहे. विनंतीत आलेल्या नावावर भरवसा ठेवून ईमेलची लिंक बनवूच नका. ते नाव समोरचा माणूस हवं ते लिहून पाठवू शकतो. समजा कुणी तुमच्या नावानं ‘पासवर्ड विसरलो’ दाबलं आणि त्या विनंतीत साइटच्या नावाच्या जागी स्वतःच्या साइटचं नाव घातलं. भोळं अ‍ॅप तुम्हाला खराखुरा ईमेल पाठवतं, पाठवणाराही खरा, फक्त लिंक चोराच्या साइटची. तुम्ही क्लिक केलंत की पासवर्ड बदलायची गुप्त चावी त्याच्या हातात. म्हणून साइटचा पूर्ण पत्ता सेटिंगच्या फाइलमध्ये एकदाच लिहून ठेवायचा आणि ईमेल नेहमी तिथूनच बनवायचा. वाचणाऱ्यांसाठी सोपं: पासवर्डचा ईमेल तुम्ही मागितला नसेल, तर पाठवणारा ओळखीचा असला तरी लिंक दाबू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो का येत नाही?

लिंक टाकल्यावर खाली चित्र आणि मथळ्याची चौकट येते, ती पानातल्या ‘ओजी’ टॅगवरून तयार होते. त्यातलं चित्र पूर्ण पत्त्यानं द्यावं लागतं. पानावर फोटो आहे, पण व्हॉट्सअ‍ॅपच्या चौकटीत नाही, असं झालं तर तिथं अर्धा पत्ता लिहिला आहे का ते आधी बघा. गुगलला द्यायच्या साइटमॅपमध्येही पूर्ण पत्तेच चालतात.

आणि ती लांबलचक टक्क्यांची लिंक. मराठी विकिपीडियाची लिंक कॉपी केली की ‘%ई0%ए4%बी8’ असली रांगोळी येते ना, तो व्हायरस नसतो. पत्त्यात मुळात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हंच चालतात. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात आणि प्रत्येक बाइट पत्त्यात तीन अक्षरांनी लिहिला जातो. ‘सावेडी’त काना, मात्रा, वेलांटी धरून सहा चिन्हं, म्हणून पत्त्यात ती 54 अक्षरं होतात. टॉमकॅट 8 पासून सर्व्हर हे आपोआप बरोबर वाचतो. त्याआधीच्या टॉमकॅटमध्ये वेगळी सेटिंग केली नाही तर मराठी नावाचा चुराडा व्हायचा.

शहराचं नाव बदललं तर?

हे आमच्याकडे नुसतं उदाहरण नाही. 31 मे 2023 रोजी चौंडीत, अहिल्यादेवी होळकरांच्या जन्मगावी, तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी अहमदनगरचं नाव बदलण्याची घोषणा केली. ऑक्टोबर 2024 मध्ये अहिल्यानगर हे नाव अधिकृत झालं. सावेडीतल्या माणसाचा गल्लीतला पत्ता तोच राहिला. पाटी, लेटरहेड आणि शिक्के बदलले. वेबसाइटच्या नावात शहर असेल तर तिचंही असंच होतं. जिनं आतल्या लिंक स्लॅशनं किंवा रिलेटिव्ह लिहिल्या, तिला एका सेटिंगमध्ये नाव बदलून भागतं. जिनं प्रत्येक पानात पूर्ण पत्ता कोरून ठेवला, तिला हजार जागा शोधाव्या लागतात, आणि एखादी राहतेच.

जुन्या नावावर 301 हा कायमचा रिडायरेक्ट लावायचा, म्हणजे जुनी लिंक दाबणारा नव्या जागी पोहोचतो. ब्राउझर 301 लक्षात ठेवून बसतो, त्यामुळे आधी तात्पुरता 302 लावून तपासून घ्या. आणि जुनं नाव लगेच सोडून देऊ नका. तुम्ही सोडलं की ते कुणीही विकत घेऊ शकतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असलेल्या तुमच्या जुन्या लिंक त्याच्या दारात जाऊ लागतात.

त्या रात्री आम्ही एनजिनएक्समध्ये दोन ओळी टाकल्या, साइटचा पत्ता सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिला आणि पानांतल्या सगळ्या लिंकना ‘सी यूआरएल’ लावलं. दीड वाजता सगळ्यांना पुन्हा ईमेल गेले. 24 तासांचं घड्याळ मित्रानं हातानं मागं फिरवलं, कारण चूक पोरांची नव्हती. पहिली खुर्ची 1 वाजून 34 मिनिटांनी पक्की झाली. म्हणजे तो पोरगा अजून जागाच होता.